जाहिरात खर्च : निरंक

आमच्या पहिल्या पुस्तकाचा जमाखर्च मी स्वतः लिहिला आहे. वही साधी, लाल कापडी पाठीची. डाव्या बाजूला बाबी : कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, टपाल, विक्रेत्यांचं कमिशन. त्यातच एक बाब ‘जाहिरात’ अशी आहे आणि तिच्यासमोर माझ्या अक्षरात ‘निरंक’ असं लिहिलेलं आहे. हा शब्द कचेरीतला. तिथेच आयुष्य गेल्यामुळे हाताला सवयीचा. तो लिहिताना मला समाधान वाटलं होतं, थोडा अभिमानही. आता वही उघडली की नजर आधी त्याच शब्दावर जाते आणि वाटतं, सबंध हिशेबात खोटी नोंद हीच एक आहे.

त्या एका शब्दाविषयी हे लिहितो आहे.

आम्ही तिघं बडोद्याचे. एक निवृत्त प्राध्यापक मित्र, एक तिशीही न गाठलेली मुलगी, आणि मी. मुलगी दिवसभर एका कंपनीत ग्राफिक डिझाइनचं काम करते. आम्हा दोघांनाही ती काका म्हणते. गुजरातीत वाचलेलं आणि आवडलेलं मराठीत आणायचं, वर्षाला एक पुस्तक काढायचं, एवढंच ठरलं होतं. या शहरात एकेकाळी मराठी पुस्तकांना राजाश्रय होता. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी ग्रंथमालांना पैसा दिला, बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून 1910 नंतर संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. पुस्तक छापून झालं की ते कुठे जाणार, ही काळजी त्या काळच्या लेखकाला थोडी तरी कमी असावी. आमच्या पाचशे प्रती छापखान्यातून आल्या त्या थेट माझ्या घरी, दिवाणाखाली.

वर्तमानपत्रातली जाहिरात आम्हाला परवडणारी नव्हती. मोठ्या दुकानांनी चाळीस टक्के मागितले आणि वर पाच-पाचच प्रती ठेवून घेतल्या. तेव्हा धाकटीनं योजना आखली. छोट्या उद्योगांनी कमी पैशांत आपला माल लोकांपर्यंत कसा न्यावा, यावर तिनं बरंच वाचलं होतं. या विचाराला एक जुना आधार आहे. 1984 साली जे कॉनरॅड लेव्हिन्सन या अमेरिकन लेखकाचं ‘गुरिला मार्केटिंग’ हे पुस्तक आलं. त्याचं सार असं की, लहान माणसाकडे पैसा नसतो, म्हणून त्यानं पैशाच्या जागी वेळ, श्रम आणि कल्पकता ओतावी. आमच्याकडे वेळ होता. श्रमांची तयारी होती. कल्पकता धाकटीकडे होती.

योजना अशी. तिघांनी आपापल्या ओळखीच्या शंभर माणसांची यादी करायची. पहिल्या दिवशी प्रत्येकाला निरोप पाठवायचा, त्यात पुस्तकाचं नावही काढायचं नाही. फक्त ख्यालीखुशाली. दोन दिवसांनी दुसरा निरोप, पुस्तकाचा : मुखपृष्ठाचं चित्र, आप्तेष्टांसाठी खास सवलत, पैसे भरायचा क्रमांक, आणि ‘पुस्तक हातात घेऊन एक फोटो नक्की टाका’ ही विनंती. थेट पुस्तकाचं सांगितलं तर लोक उत्तर देत नाहीत, आधी बोलणं सुरू झालं की देतात, असं धाकटीचं म्हणणं. आणि ते खरंच होतं.

माझ्या यादीत इंदूरचा एक शाळूसोबती होता. चार वर्षांत आमचं बोलणं नव्हतं. भांडण वगैरे काही नाही, राहून गेलं होतं एवढंच. त्यालाही इतर नव्व्याण्णव जणांसारखाच निरोप गेला : ‘कसा आहेस? बरेच दिवस बोलणं नाही. आठवण येते.’ रात्री त्याचं उत्तर आलं. ‘ही गेली. दोन महिने झाले. कोणाकोणाला कळवणार, म्हणून राहिलं. तू आपणहून विचारलंस, बरं वाटलं.’

मी ते वाचलं. काय लिहावं ते सुचेना. सकाळी फोनच करू, असं ठरवून झोपलो. सकाळी प्राध्यापकांकडे पुस्तकांची बांधाबांध होती, तिकडे गेलो. फोन राहिला. यादीतून त्याचं नाव खोडायचंही राहिलं. ठरल्या वेळी दुसरा निरोप माझ्याच नावानं त्याला गेला. त्याची सुरुवात होती : ‘आपल्या माणसांसाठी आनंदाची बातमी!’

तासाभरानं त्याचं उत्तर आलं. ‘अभिनंदन. दोन प्रती पाठव. पैसे कुठे भरू?’

वहीत त्या दोन प्रतींची नोंद आहे. सवलत वजा जाता रक्कमही आहे.

यात नेमकं चुकलं काय, हे ठरवणं मला वाटलं होतं तितकं सोपं गेलं नाही. पहिलं उत्तर अर्थात निष्काळजीपणा. नाव खोडलं असतं, सकाळी फोन केला असता, तर हे टळलं असतं. पण त्यानं मन भरेना. समजा, त्याची बायको बरी असती. त्यानं ‘मजेत आहे, तू कसा?’ असं लिहिलं असतं आणि मग पुस्तकाचा निरोप गेला असता. तेव्हा काहीच चुकलं नसतं का? चूक तीच असती, फक्त ती कोणाच्या लक्षात आली नसती. त्याच्या दुःखानं चूक घडवली नाही, उघडी पाडली.

मी खोटं बोललो होतो असंही नाही. त्याची आठवण मला येते. तो कसा आहे हे जाणून घ्यायला मला आवडतं. वाक्य खरं होतं. पण ते वाक्य मी वापरलं होतं शिडीसारखं, वर चढण्यासाठी. इमॅन्युएल कांटचं 1785 सालचं म्हणणं नीतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं : माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. यातल्या ‘केवळ’ या शब्दाकडे सहसा दुर्लक्ष होतं. आपण सगळे एकमेकांची साधनं असतोच. दूधवाला माझं साधन, मी त्याचं. त्यात वाईट काही नाही, कारण आमच्यातला व्यवहार दोघांनाही माहीत आहे, आणि उद्यापासून दूध नको असं मी सांगू शकतो. माझ्या मित्राला त्या रात्री माहीत नव्हतं की तो एका व्यवहाराच्या पहिल्या पायरीवर उभा आहे. त्याला वाटलं, कोणीतरी आपली चौकशी करतंय. त्यानं त्याचं सगळ्यांत खासगी दुःख मला सांगितलं, ते ग्राहकाच्या नात्यानं नव्हे.

हे मी दोघांना सांगितलं. प्राध्यापक गप्प राहिले. धाकटी म्हणाली, “काका, तुम्हाला वाईट वाटलं ते मी समजू शकते. पण एक सांगा, आपल्याकडे लाखभर रुपये असते तर आपण चौकात फलक लावला असता. कोणाच्याही मैत्रीला हात लावावा लागला नसता. म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याची नीती शुद्ध, आणि आपल्यासारख्यांनी तोंड उघडलं की ती नात्यांची विक्री. हा कुठला न्याय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो अनोळखी लोकांचं लक्ष विकत घेतो. आपल्या ओळखीच्या लोकांना त्याला तसदी द्यावी लागत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही त्याचं भांडवल एकच, त्याची माणसं. त्या भांडवलाला हात लावायचा नाही असं म्हटलं तर त्यानं गप्पच बसायचं. गुजरातीत म्हण आहे, ‘बोले तेना बोर वेचाय’. जो बोलतो त्याची बोरं विकली जातात. बडोद्यात लहानपणापासून ही म्हण ऐकतो आहे. भिडस्तपणाला सद्गुण समजणाऱ्या आमच्या मराठी घरात ती जरा टोचायची.

पण त्या बोरवाल्याकडेच नीट पाहिलं की काहीतरी सापडतं. तो गल्लीत येतो आणि ओरडतो. काय ओरडतो? बोरं. तो ‘वहिनी, तब्येत कशी आहे?’ असं म्हणून दार उघडायला लावत नाही. तो विकायला आला आहे हे पहिल्या हाकेतच कळतं. दार उघडलं नाही तर तो पुढच्या घराकडे वळतो, आणि उद्या पुन्हा येतो, राग न धरता. त्याची हाक कितीही मोठी असो, तिच्यात दोन गोष्टी शाबूत असतात : तो कशासाठी आला आहे याची माहिती, आणि नको म्हणण्याची मोकळीक. माझ्या निरोपात दोन्ही नव्हत्या. म्हणजे दोष बोलण्यात नव्हता, वेषांतरात होता.

इथे कोणी म्हणेल, नाती कधी व्यवहारापासून मुक्त होती? आपल्याकडे लग्नात आहेर घेतात आणि कोणी काय दिलं याची वही ठेवतात. पुढे त्यांच्या घरचं कार्य आलं की तीच वही काढून बघतात. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकानं 1925 साली भेटवस्तूंवर एक दीर्घ निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात, निव्वळ निरपेक्ष भेट अशी नसतेच, असं त्यात दाखवलं आहे. मग एखादं पुस्तक मित्राच्या गळ्यात मारलं तर एवढं काय बिघडलं? उद्या तो त्याच्या मुलाच्या दुकानाचं पत्रक पाठवेल, मी तिथून काही घेईन.

फरक आहे तो हा की आहेराची वही दोन्ही घरांत असते. ती आहे हे दोघांनाही माहीत असतं. देणाऱ्याला माहीत असतं की आपण काय बांधतो आहोत. मी जी वही ठेवली होती ती फक्त माझ्याकडे होती. ॲरिस्टॉटलनं मैत्रीचे तीन प्रकार सांगितले : उपयोगाची, आनंदाची आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली. उपयोगाच्या मैत्रीला त्यानं खोटं म्हटलेलं नाही. ती अपुरी असते आणि उपयोग संपला की संपते, एवढंच. बाजारात, कचेरीत, प्रवासात आपली बहुतेक नाती तशीच असतात आणि त्यावर जग चालतं. घोटाळा होतो तो एक जण एका प्रकारच्या मैत्रीत आहे आणि दुसऱ्याला वाटतं की आपण वेगळ्या प्रकारच्या मैत्रीत आहोत, तेव्हा. त्या रात्री इंदूर आणि बडोदा यांच्यात नेमकं हेच झालं.

हे वेषांतर आता यंत्रातच भरलेलं असतं. 1996 साली हॉटमेल ही मोफत ईमेल सेवा सुरू झाली. बंगळुरात वाढलेला सबीर भाटिया तिचा एक संस्थापक. जाहिरातीला फारसा पैसा नव्हता. तेव्हा प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ आपोआप चिकटायला लागली, तुम्हीही फुकट ईमेल घ्या अशा अर्थाची. कोणी आईला पत्र लिहो की प्रेयसीला, तळाशी ती ओळ असायचीच. दीड वर्षात लाखो माणसं येऊन मिळाली आणि 1997 संपता संपता मायक्रोसॉफ्टनं कंपनी विकत घेतली. थोड्या पैशांतल्या प्रचाराचा हा आजही दिला जाणारा धडा आहे. कल्पना हुशारीची होती यात वादच नाही. पण पत्र लिहिणाऱ्याच्या सहीखाली दुसऱ्याचं दुकान उघडलं गेलं, आणि ज्याला पत्र मिळालं त्याला ती ओळ मित्राच्या हातून मिळाली. जाहिरातीचा विश्वास मित्राकडून उसना घेतला होता. उसन्याचा उल्लेख कुठल्याच हिशेबात नव्हता. आम्ही शंभर माणसांना ‘फोटो टाका’ म्हणून सांगितलं, तेव्हा आम्हीही तेच मागत होतो : तुमच्या माणसांचा तुमच्यावरचा विश्वास आम्हाला थोडा वापरू द्या.

मला दादासाहेब फाळके आठवतात, कारण त्यांचं शिक्षण आमच्याच शहरात, कलाभवनात झालं होतं. आणि त्यांची संस्थाही सुरुवातीला घरचीच होती. भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून 1912 साली त्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप कसं वाढतं याचा छोटा चित्रपट करून दाखवला. बोलण्यापेक्षा करून दाखवण्याची ही जाहिरात मला फार प्रामाणिक वाटते. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाल्यावर 21 एप्रिल 1913 रोजी मुंबईच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ केला, आणि 3 मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. मुंबईत चालला. सुरतेत मात्र लोक येईनात. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघणाऱ्याला तीन आण्यांत दीड तासाचं काहीतरी महाग वाटत होतं. तेव्हा जी जाहिरात केली गेली असं सांगतात तिचा आशय असा : सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, सगळं फक्त तीन आण्यांत! मग गर्दी झाली.

कारकुनी सवयीनं मी हा हिशेब करून पाहिला. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात. सत्तावन्न हजार भागिले सोळा म्हणजे साधारण 3,560 फूट. मैल 5,280 फुटांचा. म्हणजे चित्र पाऊण मैलाचंही नव्हतं, दोन मैल तर दूरच. छायाचित्रांचा आकडा खरा धरला तर लांबी तिपटीनं फुगवलेली होती, तीही सत्यापायी राज्य सोडणाऱ्या राजाच्या चित्रपटासाठी.

तरी फाळक्यांचा तो फुगवटा मला माझ्या ‘कसा आहेस’पेक्षा कमी लागतो. याचं कारण मी बराच शोधलं. ती अतिशयोक्ती चौकात उभी होती, सगळ्यांसाठी सारखी. वाचणाऱ्याला माहीत होतं की ही जाहिरात आहे, आणि जाहिरातीतले मैल थोडे लांब असतात हे सुरतेच्या व्यापारी माणसाला कोणी शिकवायला नको. तीन आणे देऊन तो आत गेला, समोर जे दिसलं त्यावरून त्यानं आपलं मत बनवलं. माझा निरोप शब्दशः खरा होता, पण तो जाहिरात आहे हेच त्यानं लपवलं होतं. फाळक्यांच्या जाहिरातीत आकडा खोटा होता. माझ्या निरोपात शब्द खरे आणि हेतू झाकलेला होता. दोन्ही समर्थनीय नाहीत. पण दुसऱ्यानं जे नासतं ते पुन्हा नीट करायला फार वेळ लागतो.

फाळक्यांच्या त्या घरगुती संस्थेत आणखी एक नोंद राहून गेलेली आहे. सरस्वतीबाई फाळके सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत, फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत. ‘वेळ, श्रम आणि कल्पकता’ हे तीन शब्द ऐकायला छान वाटतात. पण कोणाचा वेळ, कोणाचे श्रम? आमच्याकडे पुस्तकाची सगळी चित्रं, निरोप, याद्या धाकटीनं कंपनीतून आल्यावर रात्री अकरा ते एक या वेळात केल्या. दीड महिना. आम्ही दोघे निवृत्त, आम्हाला निवृत्तिवेतन येतं. तिला सकाळी पावणेनऊची बस असते. वहीत तिच्या त्या रात्रींसमोरही निरंकच आहे. मैत्रीचा हिशेब करता करता हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं, आणि तेही तिनं सांगितलं म्हणून नव्हे. एकदा प्रूफ बघता बघता ती बसल्या जागी झोपली, तेव्हा.

‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ इथे मला उलगडला. खर्च कमी झालेला नसतो. तो फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर गेलेला असतो, आणि त्या दुसऱ्यानं पावती मागितलेली नसते.

मग लहान माणसानं करायचं काय? गिरगावातलंच आणखी एक उदाहरण माझ्या मनात घोळत राहतं. 15 मार्च 1959 रोजी तिथल्या सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हीच पुढची लिज्जत. पाकिटं ओळखीच्या व्यापाऱ्यालाच विकली होती. म्हणजे ओळख त्यांनीही वापरली. पण सुरुवातीपासूनच त्यांनी ठरवलं होतं की कोणाकडून देणगी घ्यायची नाही, तोटा आला तरी. म्हणजे ‘बिचाऱ्या बायका’ म्हणून कोणी पापड घ्यावेत हा रस्ता त्यांनी स्वतःच बंद केला. सुरुवातीला उंची आणि स्वस्त असे दोन प्रकारचे पापड त्या करत. त्यांना सल्ला देणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं की एकच करा, चांगला करा, आणि दर्जात तडजोड करू नका. आणि जी लाटते ती मालकीणही, ही तिथली रीत. लाटणारीचे श्रम कोणाच्या निरंकात जात नाहीत.

यातून मला जे दिसतं ते असं. ओळखीच्या माणसाकडे जाणं गैर नाही. त्यानं आपल्यावरच्या मायेपोटी घ्यावं अशी तजवीज करणं गैर. पापड घेणाऱ्याला पापड हवा असतो. आमच्या पुस्तकाच्या पहिल्या तीन महिन्यांत ज्या प्रती गेल्या त्यांतल्या किती वाचल्या गेल्या? एका नातेवाइकाकडे गेलो होतो. त्यांनी तीन घेतल्या होत्या. तिन्ही टपालाच्या वेष्टनातच, कपाटावर. त्यांनी ते माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला, आणि मी न पाहिल्यासारखं केलं. पुस्तक विकलं गेलं होतं आणि आम्हा दोघांना त्याची लाज वाटत होती. लेखकाचं यात काय भलं झालं? तो तर वेष्टनाच्या आतच राहिला.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी आम्ही तिघं बसलो. धाकटीनंच म्हटलं की आधी नियम लिहून काढू. तीनच लिहिले. पहिला : निरोपाचं पहिलंच वाक्य ‘हे विक्रीचं पत्र आहे’ असं असेल. दुसरा : कोणी उत्तर दिलं नाही तर पुन्हा विचारायचं नाही, आणि भेट झाली तर विषय काढायचा नाही. तिसरा : धाकटीच्या कामाचे तास वहीत लिहायचे आणि पहिला पैसा आला की आधी ते चुकते करायचे. प्राध्यापकांनी एक पुरवणी जोडली. पहिली वीस पानं वाचायला मोफत द्यायची, ज्याला आवडतील तो पुढचं मागेल. फाळक्यांचं वाटाण्याचं रोपच ते.

या नियमांनी चमत्कार झाला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. पहिलं पुस्तक चार महिन्यांत तीनशेवर गेलं होतं. दुसऱ्याच्या वर्षभरात एकशे साठ प्रती गेल्या. धाकटीचे निम्मे तास अजून बाकी आहेत. हा तोटा आहे, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. तिसरं पुस्तक निघेल की नाही, सांगता येत नाही. ज्या गुजराती लेखिकेचं पुस्तक आम्हाला आणायचं आहे ती ऐंशीच्या पुढे आहे. तिचं पुस्तक मराठीत येणं आणि माझं मन स्वच्छ राहणं यांत तोलायची वेळ आली, तर माझं पारडं कुठे झुकावं? शंभर माणसांना थोडा संकोच झाला पण एक चांगलं पुस्तक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत पोचलं, असं कोणी म्हणालं, तर मी त्याला चटकन चूक म्हणू शकत नाही. धाकटी अधूनमधून म्हणतेच.

आणि मित्र? त्या दुसऱ्या निरोपानंतर आठ दिवसांनी मी त्याला फोन केला. इतके दिवस हिंमत होत नव्हती. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सांगू लागलो, तर तो मध्येच म्हणाला, “अरे, ते कळलं रे मला. सगळ्यांना पाठवलेलं होतं, ते कळतंच. पण पुस्तक काढलंस म्हणून तरी तुझा निरोप आला. नाहीतर तू कधी बोलला असतास?”

मी गप्प झालो. चार वर्षं माझ्या त्या निर्मळ, व्यवहाराचा डाग नसलेल्या मैत्रीनं त्याला एक फोनही केला नव्हता. त्याची बायको आजारी पडली, गेली, आणि मला पत्ता नव्हता. मी ज्या मैत्रीचा अपमान झाला म्हणून इतका अस्वस्थ होतो, ती मी त्याआधीच किती जपली होती? विक्रीच्या निमित्तानं का होईना, दार वाजलं होतं. कदाचित नात्यांना निमित्त लागतंच. पूर्वी ते सणांचं असे, आता कशाचं तरी असतं. पण निमित्त आणि वेषांतर यांत फरक आहे, एवढं मी अजूनही धरून आहे. ‘पुस्तक आलंय, ते सांगायला फोन केला, आणि आता तुझं सांग’ असं मी म्हणू शकलो असतो. क्रम उलटा केला असता तर दोन्ही वाक्यं खरी राहिली असती.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही बोलतो. त्यानं पुस्तक वाचलं. अनुवादात एके ठिकाणी गुजराती वाक्यरचना तशीच राहिली आहे, हे त्यानं दाखवलं. ते बरोबर होतं. दुसऱ्या पुस्तकाचं विक्रीचं पत्र त्यालाही गेलं, पहिल्या वाक्यासकट. त्यानं या वेळी घेतलं नाही. विषय आवडीचा नाही म्हणाला. मी बरं म्हटलं आणि आम्ही पुढे त्याच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिलो.

पहिल्या पुस्तकाच्या हिशेबातला तो शब्द मी अजून खोडलेला नाही. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करू नये अशी आमच्या कचेरीची शिस्त होती. चूक असेल तर खाली वेगळी नोंद करायची, तारीख घालायची आणि सही करायची. ती नोंद काय लिहावी हे अजून ठरत नाही, म्हणून ‘जाहिरात’च्या खालची ओळ मी मोकळी ठेवली आहे.